वार बघा, मग गाडी काढा: पुणे ते म्हैसूर, एकट्यानं, प्राणी बघत

मंगळवारची सकाळ. पावणेनऊ वाजले होते आणि मी म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाच्या बंद फाटकासमोर उभी होते. पुण्याहून नऊशे किलोमीटर गाडी हाकत आले होते. शेजारच्या शहाळेवाल्यानं माझी एमएच नंबरप्लेट पाहिली, हसला आणि म्हणाला, "इवत्तु रजा." आज सुट्टी. फाटकाजवळच्या पाटीवर ते लिहिलेलंही होतं. मी लॉज, टोल, पेट्रोल, सगळ्याचा हिशेब वहीत मांडला होता, वार तेवढा बघायचा राहिला होता.

त्यानंतर हीच सहल मी आणखी दोनदा केली, दोन्ही वेळा एकटीनं. आता ओळखीतलं कुणी विचारलं, की मी आधी कॅलेंडर काढायला सांगते आणि नकाशा नंतर. पहिल्यांदाच एकट्यानं गाडी घेऊन निघणार असाल, तर हा रस्ता त्यासाठी चांगला आहे. पुण्यापासून तुमकुरूपर्यंत एकच राष्ट्रीय महामार्ग, ४८ नंबरचा. दर पन्नास-साठ किलोमीटरवर मोठं गाव. बेळगावपर्यंत मराठी चालते. आणि बघण्यासारख्या बऱ्याच गोष्टी हायवेला चिकटून किंवा दहा-पंधरा मिनिटं आत.

आधी वार

केंद्र सरकारच्या २००९ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाला आठवड्यातून एक दिवस लोकांसाठी बंद राहावंच लागतं. हा दिवस कोणता, ते ठिकाणागणिक बदलतं. पुण्याचं कात्रज बुधवारी बंद, मुंबईची राणीची बागही बुधवारीच. म्हैसूर आणि बंगळूरजवळचं बन्नेरघट्टा मंगळवारी बंद. रामनगरजवळचं जानपद लोक हे लोककलेचं संग्रहालयसुद्धा मंगळवारीच. म्हणजे सोमवारी पुण्याहून निघून मंगळवारी म्हैसूरला पोचलात, तर आठवडा तुमच्या विरोधात गेलाच समजा.

मी गुरुवारी निघते. गुरुवारी कात्रज उघडं, रविवारी संध्याकाळी म्हैसूरात पोचायचं, सोमवारी तिथलं प्राणिसंग्रहालय. शनिवार-रविवारची झुंबड ओसरलेली असते आणि मंगळवारची सुट्टी अजून लागलेली नसते. मंगळवारी रंगनतिट्टूचे पक्षी, ते काही सुट्टी पाळत नाहीत. बुधवारी परतीला लागायचं. असे नऊ दिवस धरा. सहा दिवसांतही होतं, पण मग तो नुसता प्रवास होतो.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला निवडा. त्याआधी निघायचा मोह झालाच, तर दसऱ्याचे दिवस मात्र टाळा. त्या दिवसांत म्हैसूरात खोली मिळवणं हाच एक खेळ होऊन बसतो.

मग घड्याळ

नवखा माणूस दुपारी बारा वाजता प्राणिसंग्रहालयात शिरतो, तीन झोपलेले वाघ बघतो आणि "काही नव्हतं" म्हणत बाहेर येतो. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल बघायचं असेल तर उघडल्यावरचा पहिला तास गाठा. मगरी, कासवं, साप यांचं उलटं. थंडीच्या सकाळी ती मंडळी मरगळलेली असतात, ऊन चढल्यावर अकरा-बाराला अंग शेकायला बाहेर येतात. म्हणून आत गेल्या गेल्या आधी मांसाहारी प्राणी, मग पक्षी, ऊन तापलं की सरपटणारे. नकाशाच्या पाटीचा फोटो पहिल्यांदा काढून घ्या आणि गर्दी जाते त्या क्रमानं जाऊ नका.

एकटं जाण्याचा खरा फायदा इथं कळतो. बरोबर कुणी "चला पुढे" म्हणणारं नसतं. एका पिंजऱ्यासमोर अर्धा तास उभं राहा. पहिली दहा मिनिटं काही घडत नाही. मग कोल्हा उठतो, चक्कर मारतो, एका ठरावीक दगडापाशी थांबून वास घेतो, पुन्हा फिरतो, पुन्हा तिथंच थांबतो. दोन मिनिटांत पुढे सरकणाऱ्याला हा दगड कधीच दिसत नाही.

गाडी, कागद, पैसा

यावर फार लिहीत नाही. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असू द्या. लॉजवर ओळखपत्राची झेरॉक्स मागतात, दोन प्रती जवळ ठेवा. स्टेपनीत हवा आहे का ते घरीच तपासा. राणेबेन्नूरच्या पुढे माझं टायर बसलं तेव्हा स्टेपनीही बसलेली निघाली होती. हवा भरायचा छोटा पंप गाडीतल्या सॉकेटवर चालतो, तो घेऊनच टाका. स्टेपनी बदलायचा सराव निघण्याआधी एकदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये करा, शेजारी बघत असले तरी.

टोलनाके भरपूर आहेत: खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी, आणि सीमा ओलांडली की कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी, पुढे आणखी. फास्टॅगमध्ये पैसे आधी भरून ठेवा. खासगी गाड्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास आला आहे. सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० टोल-फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गांवरच तो चालतो, पण जाऊन येऊन एवढे नाके लागत असतील तर तो वसूल होतो.

महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, बाकी संकटाला ११२. हे दोन आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

आणि अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. उसाचा गाळप हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि कराडपासून बेळगावपर्यंत उसानं लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा असला तर नशीब. दिवसा त्यांच्यामागून जाताना उसाचा वास छान येतो, रात्री त्याच ट्रॉल्या काळ होतात. जाताना दिवसाला अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर पुरे, संध्याकाळी सहाला खोलीत.

गुरुवार: कात्रज

घरापासून पंधरा किलोमीटरवर पहिला थांबा, हे काहींना विनोदी वाटतं. पण लहानपणी शाळेच्या सहलीत पाहिलेलं कात्रज आणि एकट्यानं पाहिलेलं कात्रज यांत फरक आहे. पेशवे पार्कातले प्राणी इथं हलवून १९९९ मध्ये हे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं. सर्पोद्यान त्याच्याही आधीचं, १९८६ चं. ते उभं केलं नीलिमकुमार खैरे यांनी. १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहून दाखवणारे हेच ते. सापाला डिवचलं नाही तर तो चावत नाही, हे लोकांना पटवून देण्यासाठी केलेला तो उद्योग.

साडेनऊला तिकीट खिडकीवर हजर राहा. साडेबाराला बाहेर पडा, नाहीतर कोल्हापूर गाठायला रात्र होईल. मी गेले तेव्हा खंबाटकीचा घाट जाताना चढावा लागला होता. रस्त्याची कामं बरीच वर्षं कुठे ना कुठे चालू असतात, वळणरस्त्यांवर घाई करू नका. कोल्हापूरला मुक्काम. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी खा, रात्री खाऊन सकाळी गाडीत बसण्याचा प्रयोग मी केलेला आहे.

शुक्रवार: कणेरी आणि भुतरामनहट्टी

कोल्हापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर, हायवेपासून थोडं आत, कणेरी मठ. तिथलं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय हे माझ्या मते या सगळ्या रस्त्यावरचं सर्वांत देखणं "रस्त्याकडेचं" ठिकाण. सात एकरांत सिमेंटचे माणसाच्या उंचीचे पुतळे, सुमारे ८० प्रसंग, तीनशेच्या आसपास माणसं. बलुतेदार, अलुतेदार, मोट हाकणारा, नांगरट, न्हावी, कासार, पोरांचे खेळ. बैलाच्या मानेवरच्या वळ्या बघा, म्हातारीच्या पायाच्या भेगा बघा. माझी आजी ज्या पद्धतीनं जात्यावर एक पाय पसरून बसायची, तशीच बसलेली बाई तिथं आहे. मी तिच्यापाशीच जास्त थांबले. दोन-अडीच तास ठेवा. मठाचा परिसर आहे, कपडे आणि आवाज त्या बेतानं.

निपाणी, संकेश्वर मागे टाकून बेळगावच्या थोडं अलीकडे भुतरामनहट्टीचं प्राणिसंग्रहालय येतं. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं नाव त्याला दिलेलं आहे. हायवेजवळच, लहानसं, वाघ-सिंहांच्या सफारीसह. म्हैसूरशी तुलना करू नका. अशा लहान जागी कर्मचाऱ्यांना बोलायला वेळ असतो. "याचं नाव काय, काय खातो, किती वर्षांचा?" एवढं विचारलं तरी माणूस खुलतो. त्यांना मराठी बऱ्यापैकी कळते.

इथूनच एक सवय लावून घ्या: कुठल्याही "प्राणी बघा" पाटीवर गाडी वळवायची नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता असलेलीच ठिकाणं निवडा. गारुड्याचा नाग, दोरीला बांधलेलं माकड, पोपटवाला यांच्यासाठी थांबणं म्हणजे पैसे देऊन गुन्ह्याला हातभार लावणं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हे बेकायदा आहे. हातावर पक्षी बसवून फोटो काढू देणाऱ्या हौशी "पेट झू"पासूनही मी लांबच राहते.

बेळगावचा कुंदा बांधून घ्या आणि धारवाडला मुक्काम करा. पेढा तिथं रात्रीही मिळतो.

चार शब्द कन्नड

बेळगाव मागे पडलं की मराठी संपत जाते आणि हिंदी प्रत्येकाला येतेच असं नाही. पण एवढं पुरतं. एल्लि म्हणजे कुठे, एष्टु म्हणजे किती, बेकु हवं, बेडा नको, नीरु पाणी, ऊटा जेवण. रस्ता विचारलात तर उत्तरात बलक्के आलं की उजवीकडे, एडक्के आलं की डावीकडे, नेरा म्हणजे सरळ. बाईला अक्का, पुरुषाला अण्णा. प्राणिसंग्रहालयाच्या पाटीवर मृगालय लिहिलेलं असतं. होटेल म्हणजे खायची जागा. राहायचं असेल तर लॉज विचारा.

सगळ्यांत जास्त ऐकू येणारा प्रश्न मात्र भाषेपलीकडचा आहे: एकट्याच? बायकांना तर हमखास. सुरुवातीला मी "पुढच्या गावात मिस्टर भेटणार आहेत" असं सांगायचे. आता "हो, प्राणी बघायला निघालेय" म्हणते आणि समोरचा इतका बुचकळ्यात पडतो, की दुसरा प्रश्न येत नाही. तरी अनोळखी माणसाला मुक्कामाचं गाव सांगू नका. लाइव्ह लोकेशन घरच्या एकाच माणसाला पाठवा. चौघांना पाठवलं की चौघांचे फोन येतात. खोली दिवसाउजेडी स्वतः बघून घ्या, गाडी कंपाउंडच्या आत लागते का ते आधी विचारा. स्वच्छतागृहांसाठी मोठे पेट्रोलपंप बरे, आणि प्राणिसंग्रहालयातून निघताना जाऊन येणं हा नियमच करा.

शनिवार: गोटगोडी ते चित्रदुर्ग

हुबळीच्या पुढे, शिग्गावजवळ गोटगोडी गावात हायवेला लागूनच उत्सव रॉक गार्डन आहे. चित्रकार-शिल्पकार टी. बी. सोलबक्कनवर यांच्या कल्पनेतून उभं राहिलेलं. इथंही गावगाडाच, पण उत्तर कर्नाटकाचा. ज्वारीच्या भाकरी थापणाऱ्या बायका, वाडे, गुरं, बाजार. काल कणेरी पाहिलेली असल्यामुळे आज डोळा तयार असतो. पागोट्याचा पेच कसा बदलला, लुगड्याचा काठ कसा बदलला, हे शोधत फिरायला मजा येते. शनिवार-रविवारी सहलीच्या बसेस येतात, म्हणून दहाच्या आत पोचा.

जेवायला दावणगेरे. त्यासाठी बायपास सोडून गावात शिरायचं, कारण बेण्णे दोसे. बेण्णे म्हणजे लोणी. छोटा, जाड, कुरकुरीत डोसा, वर लोण्याचा गोळा. दोन मागवा, तिसरा लागेलच, पण पुढे साठ किलोमीटर गाडी चालवायची आहे हे विसरू नका.

चित्रदुर्ग जवळ आल्याचं डोंगरांवरच्या पवनचक्क्या सांगतात. इथं आडुमल्लेश्वरचं छोटं प्राणिसंग्रहालय आहे. वेळ उरला तर जा, नाही गेलात तरी हरकत नाही. लवकर झोपा.

रविवार: किल्ला, मग जातानाचा सगळ्यांत लांब पल्ला

चित्रदुर्गाचा किल्ला ऊन चढायच्या आत करायचा. सात तटांचा किल्ला, अवाढव्य गोल धोंड्यांच्या मधून वर चढणारा. आपल्या सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेल्या माणसालाही हे धोंडे चक्रावून टाकतात. ओबव्वाची खिंड विचारत जा. हैदरअलीचे सैनिक एकेक करून ज्या फटीतून आत सरकत होते, ती फट. पहारेकरी नवरा जेवत होता, आणि त्याच्या बायकोनं, ओबव्वानं, मुसळ घेऊन तिथं उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात घातलं, अशी गोष्ट आहे. फटीत वाकून बघितलं की ती पटते. माकडं खूप आहेत. हातात पिशवी, खाऊ, गॉगल काही नको.

साडेदहाला गाडीत बसा. इथून म्हैसूर पावणेतीनशे किलोमीटर. नकाशा तुम्हाला बंगळूरमार्गे न्यायला बघेल. ऐकू नका. तुमकुरूजवळच्या क्यातसंद्रला ताटलीएवढी तट्टे इडली खा, मग कुणिगल, तिथून मद्दूर. रस्ता लहान आहे, पण नारळाच्या बागांमधून जातो आणि बंगळूरची कोंडी पूर्ण टळते. मद्दूरला मद्दूर वडे, कांद्याचे, चपटे, कडक.

मोटारसायकलवर असाल तर एक लक्षात ठेवा: बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य पदरांवर १ ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना बंदी आहे. सेवारस्त्यानं जायचं.

म्हैसूरला सहाच्या आत पोचलात, तर सामान टाकून राजवाड्यापुढे जा. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यावरचे जवळपास लाखभर दिवे एका क्षणात लागतात. तो एक क्षण गर्दीच्या तोंडून "आ" काढतो. एवढ्या लांब गाडी चालवल्यावर तो फुकटचा आहे.

सोमवार: मृगालय

साडेआठला उघडतं. सव्वाआठला रांगेत. तिकीट ऑनलाइनही मिळतं. पिशव्या तपासतात, प्लास्टिक आत नको, स्टीलची बाटली न्या.

१८९२ साली दहाव्या चामराजेंद्र वडियारांनी हे सुरू केलं. झाडं बघून वय कळतं. काही ठिकाणी सावली इतकी दाट, की प्राणी शोधायला डोळे सरावावे लागतात. वाट एका दिशेनं फिरत जाते, तीन-चार तास सहज लागतात. बॅटरीची गाडी घेऊ नका, ती थांबते तिथं तुम्हाला थांबायचं नसतं आणि तुम्हाला थांबायचं असतं तिथं ती थांबत नाही.

जिराफ सगळेच बघतात. तुम्ही गोरिलांसाठी वेळ राखून ठेवा. पोलो नावाचा भारतातला एकुलता एक गोरिला इथं राहायचा. तो २०१४ मध्ये गेला. मग २०२१ मध्ये जर्मनीहून ठाबो आणि डेंबा हे दोन नर आणले. ते पाठ फिरवून बसलेले असले तरी थांबा. मी पाऊण तास थांबले होते. एकजण पालेभाजीची जुडी घेऊन पान-पान निवडत बसला होता, अगदी दुपारी ओट्यावर बसून मेथी निवडावी तसा. तेवढ्या वेळात माझ्या मागून चाळीसेक कुटुंबं गेली. काचेवर टकटक, शिट्ट्या, फ्लॅश हे दुसऱ्यांचं बघून तुम्ही करू नका, आणि कुणी खाऊ टाकताना दिसलं तर भांडायला न जाता रखवालदाराला सांगा.

दुपारी शेजारच्या कारंजी तलावाच्या काठावर बसा. पाय दुखत असणार.

मंगळवार आणि परतीचा रस्ता

श्रीरंगपट्टणजवळचं रंगनतिट्टू हे कावेरीतल्या बेटांवरचं पक्षी अभयारण्य आहे. सलीम अली यांनी म्हैसूरच्या महाराजांना पटवल्यावर १९४० मध्ये ते संरक्षित झालं, आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. सकाळची पहिली होडी धरा. रंगीत करकोचे, चमच्यासारख्या चोचीचे चमचे, पेलिकन, आणि खडकांवर तोंड उघडून पडलेल्या मगरी. वल्हवणाऱ्याला पक्ष्यांची इंग्रजी नावं तोंडपाठ असतात. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की होड्या बंद, हेही एक कारण थंडीत यायचं.

बुधवारी मात्र बंगळूरच्या दिशेनं निघा. आता जानपद लोक उघडं असतं. एच. एल. नागेगौडा यांनी १९९४ मध्ये उभारलेलं हे संग्रहालय; बाहुल्या, वाद्यं, मुखवटे, शेतीची अवजारं. त्याआधी चन्नपट्टणची लाकडी, लाखेच्या रंगांची खेळणी घ्या. लेथवर खेळणं फिरताना लाखेची कांडी टेकवतात आणि घर्षणाच्या उष्णतेनं रंग चढतो, ते करताना दाखवणारं दुकान निवडा. बन्नेरघट्टा करायचं असेल तर एक दिवस वाढवा, तिथली फुलपाखरांची बाग चांगली आहे. मी दोनदा टाळलं, बंगळूरच्या रहदारीला भिऊन.

परतीला तुमकुरू आणि हुबळी-धारवाडचा पट्टा, असे दोन मुक्काम. जाताना सोडलेलं कित्तूर शेवटच्या दिवशी सकाळी: १८२४ मध्ये राणी चन्नम्मांच्या सैन्यानं इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे जिथं मारला, त्या वाड्याचे आता जोते आणि भिंती उरल्यात. तासभर पुरतो. मग बेळगाव, कोल्हापूर, सातारा. कंदी पेढे आत्ताच घ्या, जाताना घेतले असते तर चित्रदुर्गच्या माकडांनी खाल्ले असते. खंबाटकीला या बाजूनं घाट नाही, बोगदा आहे.